नवतप्यातलं थंड ताट

मे महिन्यात वाडीतल्या घरात स्वयंपाकघर ही सगळ्यात नावडती जागा असते, आणि त्याचा दोष एकट्या उन्हाला देता येत नाही. निम्मा कूलरचा आहे. कूलर बसतो बैठकीच्या खिडकीत. त्याचा झोत स्वयंपाकघरापर्यंत आला की गॅसची ज्योत आडवी होते, निळ्याची पिवळी होते, बारीक आचेवर असेल तर विझतेसुद्धा. म्हणून ओट्याशी उभ्या असलेल्या माणसानं मधलं दार लोटून घ्यायचं आणि दारापलीकडच्यांनी वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास घेत पेपर वाचायचा, अशी वाटणी कुणी न ठरवता घरोघरी झालेली आहे. नागपूरच्या उन्हाळ्यावर दर वर्षी रकाने भरतात. त्या लोटलेल्या दाराबद्दल मात्र कुणी काही लिहीत नाही.

माझं थंड जेवणाचं वेड त्या दाराआडचं आहे. सकाळी आठच्या आत गॅस बंद झाला पाहिजे आणि दुपारी एक वाजता तो पुन्हा पेटवावा लागू नये, एवढीच त्यामागची दूरदृष्टी.

वाडी अमरावती रोडवरची. एकीकडे अंबाझरी आयुध निर्माणीची, आमच्या बोलण्यातल्या ‘डिफेन्स’ची झाडी आणि दुसरीकडे खडगाव रोडची टिनाच्या छपरांची गोदामं. पूर्वीचा ६ नंबरचा आणि आता ५३ नंबरचा झालेला महामार्ग मधून जातो, आणि हजिऱ्यापासून कोलकात्यापर्यंतचा माल वाटेत इथं उतरतो, चढतो, पुढे निघतो. दत्तवाडी चौकातून दुपारी दोन वाजता पाहिलं तर उभ्या ट्रकच्या पोटाखाली, त्याच्याच सावलीत, ड्रायव्हर-क्लीनर ओला दुपट्टा तोंडावर टाकून पडलेले दिसतात. डांबर, टिन आणि सिमेंट यांनी दिवसभर साठवलेली धग रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तरी लागते. आठव्या मैलाकडून वारा आला तर बरं वाटतं, पण मेमध्ये तोही भट्टीतूनच आल्यासारखा येतो.

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो साधारण २५ मेला. तिथून पुढचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. पंचांग काहीही म्हणो, पारा त्याआधीच चढून बसलेला असतो: नागपूरचा उच्चांक ४७.९ अंशांचा आहे आणि तो नोंदला गेला २३ मे २०१३ ला, नवतपा लागायच्या दोन दिवस आधी. मे २०२४ च्या अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्यानं केला. खुलासा खरा असणारच. पण त्या दिवशी रस्त्यावर होते त्यांच्यापैकी कुणालाच आकडा वाचून नवल वाटलं नव्हतं.

अशा दिवसांत खावं काय? विदर्भानं याची उत्तरं फार पूर्वी शोधून ठेवली आहेत. कैरीचं पन्हं, ज्वारीची आंबील, सातूचं पीठ, दहीभात. आणि शेतावर निघालेल्या माणसाची रात्रीची भाकरी, ताक आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. यातलं बरंचसं शिळं असतं आणि बरंचसं थंड. एरवी शिळं म्हटलं की आपला हात आपोआप फोडणीकडे जातो. पोळी उरली, कुस्करून फोडणीला. भात उरला, हळद-मिरची घालून फोडणीला. उरलेलं अन्न पुन्हा विस्तवावर चढवल्याशिवाय ते आपल्याला खाण्याजोगं वाटत नाही. शिळी भाकरी आणि ताक ही त्यातली सुटका, आणि ती उन्हाळ्यानंच दिलेली.

कोंबडी मात्र या यादीत कधीच नव्हती. कारण उघड आहे. फ्रिज नव्हता तेव्हा मे महिन्यात दुपारी शिजलेली कोंबडी संध्याकाळपर्यंत ठेवणं म्हणजे दवाखान्याची वाट धरणं. आणली तेवढी संपवायची, नाही तर शेजारी वाटी पाठवायची. आज रविवारी दुकानातून दीड किलो ‘बॉयलर’ येतो, घरात खाणारी माणसं निम्मी झाली आहेत, आणि डबा भरून तुकडे उरतात. उरतात तेही नेमके छातीचे. सगळ्यांचा डोळा लेग पीसवर असतो, पंखांनाही गिऱ्हाईक असतं, मानेचा तुकडा चोखणारं एक माणूस प्रत्येक घरात असतंच. छातीचा जाड, पांढरा, जरा कोरडा तुकडा रश्शात बुडून राहतो आणि सोमवारी सकाळी फ्रिजमधून आपल्याकडे पाहतो.

मी रविवारी रस्सा टाकते तो सावजी पद्धतीचा. सावजी हे नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाचं देणं. विणकरांच्या घरातली ती चव. मागांचे दिवस फिरले तशी ती घराबाहेर पडून भोजनालयांत आली. त्यात काळी मिरी, खसखस, दगडफूल आणि खरं म्हणजे जवसाचं तेल. जवसाच्या तेलाची एक गंमत फ्रिज उघडल्यावर दिसते. रात्रभर थंडीत राहूनही ते गोठत नाही. कोंबडीची स्वतःची चरबी पांढरट होऊन कडेला थिजते, वनस्पती तुपातला रस्सा असेल तर वर पापुद्राच धरतो. जवसाची तर्री मात्र तशीच तांबडी, पातळ, हलवली की हलणारी. गार खायच्या पदार्थात तेल कुठलं घालावं, याचं उत्तर त्या डब्यातच मिळतं. टाळूला चिकटत नाही ते.

पण रश्शातला तुकडा जसाच्या तसा पास्त्यात पडला तर पास्त्याचं काही खरं नाही. सावजी मसाला सोबत्याला बोलू देत नाही. म्हणून तुकडा रश्शातून काढायचा, वरचा मसाला चमच्यानं निपटायचा (धुवायचा नाही, धुतला की चवही नाल्यात) आणि मग बोटांनी रेषेरेषेनं सोडवायचा. गरम असताना छातीचा तुकडा भसकन तुटतो. थंड झालेला मात्र सुताच्या लडीसारखा उलगडतो. एकेक धागा लांब, आत पांढरा आणि बाहेरच्या कडेला मसाल्याची तांबूस किनार. सुरीनं चौकोन करणाऱ्यांना हे सुख नाही. ज्या घरात तिखट न खाणारी लहान मुलं आहेत त्यांचं काम आणखी सोपं: मसाला पडण्याआधी त्यांच्यासाठी बाजूला काढलेले अळणी तुकडेच चार जास्त काढावेत.

एक गोष्ट इथंच सांगते, कारण यात हयगय चालत नाही. शिजलेली कोंबडी एरवी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे, आणि बाहेर बत्तीसच्या वर पारा असेल तर एका तासाच्या आत. आमच्याकडे मेमध्ये मध्यरात्रीही कधीकधी बत्तीस असतात, म्हणजे हा एक तासाचा नियम वाडीत चोवीस तासांचा. जेवणं झाली, गप्पा रंगल्या आणि पातेलं ओट्यावर राहिलं, तर सकाळी त्याचा वास घेऊन ‘चांगलंय की’ असं ठरवू नये. नाकाला सगळं कळत नसतं. अख्खं पातेलं कोंबू नये, पसरट डब्यात काढावं, लवकर गार होतं. रात्रभर वीज गेली असेल तर हा लेख बाजूला ठेवावा आणि पिठलं टाकावं.

आता पास्ता. सोमवारी साडेसहाला पाणी उकळत ठेवते. गार खायचं असेल तर पास्ता नेहमीपेक्षा मिनिटभर जास्त शिजवावा लागतो, कारण थंड झाल्यावर त्यातला स्टार्च पुन्हा आवळतो आणि दाताखाली कडक लागतो. पाण्यात मीठही सढळ: थंड पदार्थाची चव जिभेला कमी कळते. इथवर पुस्तकातलं सगळं जुळतं. पुढे पुस्तक म्हणतं, पास्ता गाळून नळाच्या थंड पाण्याखाली धरा. हे लिहिणाऱ्यानं मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हातावर घेतलेलं नसावं. सकाळी सातलाही ते कोमट असतं, अकराला चटका देतं. पास्ता त्याखाली धरला तर शिजतच राहील. त्यासाठी लागतं माठाचं पाणी. हवा जितकी कोरडी तितका माठ गार, आणि आमच्या इथली हवा मेमध्ये चांगलीच कोरडी असते. कूलर चालतो तोही त्याच जोरावर. चाळणीतल्या पास्त्यावर तांब्याभर माठाचं पाणी ओतलं की वाफ थांबते. खालचं पाणी फेकत नाही. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, गल्लीत टँकरची वाट पाहणारे ड्रम रांगेत असतात. ते खारट, पिठूळ पाणी कणीक मळायला जातं.

पास्ता अजून कोमट असताना अर्धं लिंबू आणि चमचाभर तेल त्यात शिरवायचं. थंड झाल्यावर तो काही शोषत नाही, सगळं अंगावरून ओघळतं. बाकीचं गार झाल्यावर. दही तासभर फडक्यात टांगून घट्ट केलेलं. मेमध्ये विरजण दुपारच्या आत लागतं आणि लक्ष नसेल तर दुपारनंतर आंबट ढाण होतं, म्हणून लागलं की लगेच फ्रिजमध्ये. बाजारची मेयोनीज मी घालत नाही. या उन्हात ती जड पडते, आणि दह्यानं जे फुकटात होतं त्याला बाटली कशाला? अर्धी कैरी किसून, अर्धीच्या बारीक फोडी. काकडी बिया काढून, नाही तर पाणी सुटतं. उन्हाळ्यात इकडे गोडसर पांढरा कांदा मिळतो, तो जाड चिरून. मूठभर सांबार (म्हणजे कोथिंबीर), थोडा पुदिना. आणि जवसाची चटणी: भाजलेलं जवस, लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ. ती वाढताना वरून भुरभुरायची. आधी घातली तर जवस ओल धरून चिकट होतं आणि सगळ्याला बुळबुळीतपणा येतो.

पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात, संत्रं नाही घालत? नागपूरचं म्हटल्यावर संत्रं असणारच असं त्यांना वाटतं. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आमच्या याच अमरावती रोडवर आहे, हे खरं. पण झाडाला पंचांग असतं. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मेच्या शेवटाला संत्र्याच्या बागेत पिकलेलं फळ नसतं. मृगाचा बहार धरायचा असेल तिथं झाडांचं पाणी तोडून त्यांना ताण दिलेला असतो. त्या दिवसांत जे संत्रं मिळतं ते शीतगृहातलं किंवा परदेशातलं. कैरी मात्र दारात पडते.

हे सगळं पहिल्यांदा ताटात आलं तेव्हा आमच्या सासूबाईंनी कोपऱ्यातली वेटोळी मॅकरोनी बोटानं उचलून उजेडात धरली. आर्वीकडच्या आहेत त्या. म्हणाल्या, “काहून वं, हे तं सरगुंडेच होय. भोकही तेच. पाकिटात घालून आनले म्हनून नाव बदलते का?”

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. सरगुंडे ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. गव्हाचा रवा-पीठ घट्ट भिजवून, कुटून, मुरवून त्याची बोटांवर लांब दोरी काढतात आणि ती पोकळ, गुळगुळीत काडीवर फेऱ्या देत गुंडाळतात. तळहातावर काडी हलकेच फिरवली की वेढे एकमेकांना धरतात. मग काडी ओढून घ्यायची, हातात उरते ती वेटोळी नळी. सासूबाईंची काडी वर्षानुवर्षं एकच आहे, पिठाच्या हातांनी काळी पडलेली, आणि ती कुणाला उसनी मिळत नाही. सरगुंडे उन्हात टाकत नाहीत. आमचं ऊन त्यांना झेपत नाही, वरून वाळतात आणि आतून तडकतात. म्हणून सावलीत, पातळ धोतराखाली. वाळले की डब्यात, आणि मेमध्ये आंब्याचा रस निघाला की उकळत्या पाण्यात शिजवून, निथळून, रसाबरोबर. थंड रस आणि गव्हाची नळी: म्हणजे गार पास्ता इथं उन्हाळ्यातच खाल्ला जात होता, फक्त गोड. मालत्या, गव्हले, नखुल्या, बोटवे ही त्याच घरातली बाकीची भावंडं. आता ती रुखवतात पारदर्शक डबीत बसतात आणि लग्न लागलं की विसरली जातात.

तिकडे सिसिलीच्या पश्चिमेला, त्रापानी भागात, बायका बुसियाते नावाचा पास्ता करतात. गव्हाची दोरी, गवताची वाळलेली काडी, तिच्यावर वेढे, काडी ओढून घेणं. हातांची चाल तीच. नेपल्सजवळचं ग्रान्यानो हे गाव पास्त्यासाठी नावाजलं तेही सावकाश वाळवण्यामुळे, कारण घाईनं वाळलेला पास्ता तिथंही तडकतो. आर्वीनं त्रापानीकडून घेतलं नाही आणि त्रापानीनं आर्वीकडून. कडक गहू, रिकामा हात आणि लांब दुपार जिथं असेल तिथं बहुधा हे सुचतंच.

गहूसुद्धा एकाच कुळातला. पास्त्याच्या चांगल्या पाकिटावर ड्यूरम लिहिलेलं असतं. आपल्याकडचा बन्सी गहू ड्यूरमच: पिवळसर, टणक, कोरडवाहू जमिनीत तग धरणारा. शेवया-सरगुंड्यांना बन्सीच हवा, असं जुन्या बायका सांगत, कारण त्याची दोरी तुटत नाही आणि शिजल्यावर लगदा होत नाही. पुढे ओलिताची सोय झाली, लोकवनसारखे पोळीचे गहू बाजारात आले आणि बन्सी शेतातून मागे सरला. पुण्याची आघारकर संशोधन संस्था ड्यूरमवर आजही काम करते. एमएसीएस ४०२८ हा तिचा वाण त्याच जातीचा. पण वाडीच्या किराणा दुकानात मी ‘बन्सी आहे का’ विचारलं, तर दुकानदार पास्त्याचं पाकीट पुढे करतो. एका अर्थी बरोबरच देतो म्हणायचं.

त्यानंतर मी सरगुंडे घेऊनच हे करून पाहिलं. मॅकरोनीला आतून चव लागत नाही. दही तिच्या गुळगुळीत अंगावरून घसरतं. सरगुंड्याच्या वेढ्यावेढ्यांमधल्या खाचेत जवसाची चटणी जाऊन बसते, कैरीचा कीस अडकतो आणि कोंबडीचा धागा वेढ्यात गुंततो. शिजायला जास्त वेळ घेतात, थंड झाल्यावर जरा जास्त चावावे लागतात. मला ते आवडतं. मुलाला मॅकरोनी बरी वाटते. सासूबाई कोंबडी खात नाहीत, त्यांनी आपल्या वाटणीच्या सरगुंड्यांवर रस ओतून घेतला आणि आमच्याकडे करुणेनं पाहिलं.

दुपारी एक वाजता मधलं दार उघडं असतं. ओटा थंड, गॅस बंद, आणि कूलरचा झोत पहिल्यांदाच स्वयंपाकघरातून फिरून येतो. फ्रिजमधलं पातेलं थेट ताटाशी आणायचं, वाढायचं आणि उरलेलं लगेच आत. सोमवारचं मंगळवारी चालतं. त्यापुढे कोंबडी तग धरेल, पण काकडी आणि कांदा धरत नाहीत.

तेव्हा दोन कामं सांगून ठेवते. पुढच्या रविवारी रस्सा कराल तेव्हा छातीचे तुकडे उरतील याची चिंता करू नका, तासाभरात डब्यात टाका. आणि ओळखीत सरगुंडे वळणारी एखादी मावशी, आत्या, आजी असेल तर याच मेमध्ये तिच्यासमोर बसा, किलोभर करून घ्या, मजुरी रास्त द्या आणि काडी कशाची आहे ते विचारून घ्या. मॅकरोनीचं पाकीट काय, पावसाळ्यातही मिळतं.